यंत्राचे म्हणणे ऐका!

बमरोलीच्या मुलांना यंत्राचा आवाज नवा नाही. आडवा धागा तुटला की माग थांबतो; कारागीर मागाला दोष न देता आधी धागा शोधतो. संगणकापुढे मात्र आपण हा विवेक विसरतो आणि पुनःपुन्हा बटण दाबीत बसतो.

वस्तुतः सुरू होताच संगणक स्वतःची तपासणी करतो व दोष आढळल्यास ‘बीप’ आवाजाने वा दिव्याने तो कळवितो. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकात एक आखूड बीप म्हणजे सर्व कुशल. एक लांब व दोन आखूड म्हणजे पडद्यावर चित्र पाठविणाऱ्या भागात बिघाड. आजच्या कित्येक मदरबोर्डांवर प्रोसेसर, मेमरी इत्यादींसाठी निरनिराळे दिवे असतात. एकही दिवा न लागल्यास प्रथम वीजजोडणी पाहावी.

माझी मातृभाषा कोंकणी. गावोगावी तिचे वळण पालटते. बीपचा अर्थही उत्पादकागणिक बदलतो. म्हणून बीप मोजावे, वहीत टिपावे, मग त्याच यंत्राची माहितीपुस्तिका उघडावी. ‘बिघडला’ म्हणणे सोपे असते. पण त्या उतावळेपणापायी, केवळ सैल झालेल्या मेमरीच्या पट्टीसाठी, आईवडिलांच्या घामाचे पैसे वाया जातात. विद्यार्थिमित्रहो, आधी ऐका. निवाडा मागाहून करा.