गोंगाट, माती आणि पट्टी

अजय-अतुल यांच्या चित्रपटसंगीताविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यावर दोन शब्दांची सत्ता चालते. विरोधकांचा शब्द ‘गोंगाट’ आणि चाहत्यांचा शब्द ‘माती’. पहिला उच्चारला की हे संगीत लक्षपूर्वक ऐकण्याची गरज उरत नाही. दुसरा उच्चारला की त्याविषयी प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही. वरकरणी हे दोन पक्ष परस्परांचे वैरी दिसतात. वस्तुतः दोघेही एकच काम करतात. ते समीक्षेला कामावरून सुट्टी देतात.

प्रथम ‘गोंगाटा’चा विचार करू. हा शब्द ध्वनीच्या पातळीचे वर्णन करीत असल्याचा आव आणतो. प्रत्यक्षात ते एक मूल्यविधान असते, आणि त्यामागे विशिष्ट वर्गाची अभिरुची उभी असते. भावगीताच्या संस्कारात घडलेल्या श्रोत्याला पेटी-तबल्याचा आवाज ‘संगीत’ वाटतो आणि हलगी-ढोलाचा आवाज ‘वाद्यांचा कल्लोळ’ वाटतो. यात कानाचा भाग किती आणि घराण्या-गल्लीचा भाग किती, हे तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. या वृत्तीला इतिहास आहे. १९५२ मध्ये केंद्रात नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकर या मराठी गृहस्थांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. श्रोता सुधारला नाही. तो रेडिओ सिलोनकडे गेला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून शासनालाच त्याच्यामागे जावे लागले. तमाशापटाचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सुमारे अडीच वर्षे चालला. वसंत पवारांच्या त्यातील लावण्या त्या काळच्या सोवळ्या अभिरुचीला मानवणाऱ्या नव्हत्या. आज त्याच अभिरुचीचे वारस त्यांना ‘सुवर्णकाळा’त बसवतात आणि अजय-अतुल यांना दाराबाहेर उभे करतात. निकष स्थिर असता तर असे घडले नसते.

शिवाय हा आरोप कृतीच्या पातळीवरही टिकत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) ज्या शेवटाने प्रेक्षकाला हादरवतो, त्या शेवटात ध्वनीच काढून घेतलेला आहे. ‘झिंगाट’च्या वेळी खुर्ची सोडून नाचणारा प्रेक्षक आणि रक्ताळलेल्या चिमुकल्या पावलांसमोर निःशब्द बसलेला प्रेक्षक हा एकच असतो. त्या नाचण्याशिवाय या शांततेला अर्थ नाही. गाणे ही चित्रपटाच्या संहितेतील एक चिन्हरचना आहे असे मानले, तर ‘झिंगाट’चा उन्माद ही पुढे जे हिरावले जाणार आहे त्याची मोजणी ठरते. केवळ कानाने निवाडा करणाऱ्यांना हे दिसत नाही.

आता ‘माती’. चाहत्यांच्या मते हे संगीत मराठी मातीतून उगवते. पण ‘सैराट’च्या संगीतासाठी लॉस एंजेलिस येथील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवला गेला, हे सर्वज्ञात आहे. करमाळ्याच्या परिसरात घडणाऱ्या कथेतील, मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या विहिरीकडे धावतो तेव्हा त्याच्यामागे सिंफनीचे वैभव उभे राहते. राजवाड्यासाठी राखून ठेवलेली भव्यता एका बहिष्कृत घरातल्या मुलाच्या प्रेमाला देणे, ही या संगीताची सर्वांत धीट कृती आहे. ती मातीतून आपोआप उगवलेली नाही. ती योजलेली, खर्चिक आणि परिश्रमपूर्वक घडवलेली आहे. ‘माती’चा जप करणारे त्या घडणीचे श्रेयच संगीतकारांकडून काढून घेतात, आणि वर त्यांचा गौरव केल्याचे समाधान मिरवतात.

येथे सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा पुण्याच्या मार्केट यार्डाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. गुलटेकडीच्या या आवारात रात्रीपासून मालाच्या गाड्या लागतात, आणि त्यांच्या केबिनींतून जी गाणी ऐकू येतात त्यांत अजय-अतुल हटकून असतात. ज्यांच्या मातीचा हवाला दिला जातो ते शेतकरी, हमाल आणि चालक येथे समक्ष हजर असतात. परंतु या आवारात मातीचे गुणगान होत नाही. आलेल्या मालाची पट्टी होते. वजन, भाव, एकूण रक्कम, आणि त्यातून वजा होणारी हमाली, तोलाई, गाडीभाडे. पूर्वी अडतही शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जाई. ‘सैराट’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, फळे-भाजीपाल्यावरील अडत खरेदीदाराने द्यावी असा निर्णय राज्य शासनाने केला, आणि व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पुकारला. हमालाच्या पाठीवरील ओझ्याला कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला, आणि पुण्यात हमालांचा हक्क पदरात पडण्यासाठी बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीला दीर्घकाळ झगडावे लागले. पट्टी न्याय्य असतेच असे नाही. पण ती लिहिली जाते, म्हणूनच तिच्याविरुद्ध भांडता येते.

लोकपरंपरेतून चित्रपटगीतात जे येते त्याची अशी पट्टी कोणीही लिहीत नाही. ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांच्या आधारे उभा आहे. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चौंडकं हे यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचे वाद्य. कादंबरीच्या नावात ते एका लादलेल्या जीवनाचे चिन्ह होऊन येते. चित्रपटातही भंडाऱ्याचा उत्साह आणि सोडलेल्या माणसांची कोंडी यांचा ताण गाण्याला अर्थ देतो. पण तेच गाणे संमेलनाच्या मंचावर आले की कोंडी गळते आणि उत्साह तेवढा उरतो. ज्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राला २००५ मध्ये निर्मूलनाचा कायदा करावा लागला, तिच्याच खुणा कपाळी रेखून सुखवस्तू घरांतील मुले नाचतात आणि पालक ‘आपली संस्कृती’ म्हणून टाळ्या वाजवतात. ‘सैराट’चेही हेच झाले. २०१८ च्या ‘धडक’मध्ये ‘झिंगाट’ हिंदी शब्द लेऊन गेले. ज्या जातवास्तवाने त्या गाण्याला धार दिली होती, ते मात्र प्रवासात विरळ झाले.

याचा दोष संगीतकारांच्या माथी मारणे सोपे आहे, आणि म्हणूनच चुकीचे आहे. परंपरेतून घेतल्याशिवाय कोणतेही चित्रपटसंगीत झालेले नाही. वसंत पवारांनी घेतले, राम कदमांनीही घेतले. घेणे ही चोरी नव्हे. कायद्याचेही उत्तर येथे अपुरे पडते. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात संगीतकार आणि गीतकार यांचा मानधनावरील हक्क सुरक्षित झाला, आणि ते योग्यच झाले. पण ज्या गायनप्रकाराला एकच एक कर्ता नाही, तो या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहतो. कायद्याला नाव लागते. परंपरेकडे समूह असतो. नेमक्या याच ठिकाणी समीक्षेचे काम सुरू व्हायला हवे होते. कोणता गायनप्रकार, कोणत्या प्रसंगाचा, कोणत्या समूहाचा. त्यातले काय घेतले, काय बदलले, काय गाळले. चित्रपटात त्याला कोणता अर्थ आला आणि बाजारात त्यातून काय वजा झाले, हे गाण्यागणिक मांडणे हे अजय-अतुल यांच्याविरुद्धचे आरोपपत्र नव्हे. त्यांची स्वतःची कमाई किती मोठी आहे, हेही अशा मांडणीतूनच सिद्ध होईल.

गायकाच्या दृष्टीने पट्टी म्हणजे स्वराची उंची, शेतकऱ्याच्या दृष्टीने पट्टी म्हणजे मालाचा हिशेब. मराठी समीक्षेने या संगीताच्या बाबतीत पहिली ओळखण्याचे कष्ट घेतले नाहीत आणि दुसरी लिहिण्याचे धैर्य दाखवले नाही. ‘गोंगाट’ म्हणणाऱ्याने माल न पाहताच तो नाकारला. ‘माती’ म्हणणाऱ्याने माल न तोलताच त्याची आरती केली. मार्केट यार्डातल्या कोणत्याही गाळ्यावर असा व्यवहार एक दिवसही चालला नसता.