पाहणारी विमाने, बुडणारी माणसे

दोन इंजिनांच्या हलक्या विमानाला कॅमेरा, रडार आणि देहाच्या उष्णतेवरून अंधारातही माणूस हेरणारे यंत्र जोडले की गस्तीचे विमान तयार होते. ते तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालते आणि युद्धनौकेच्या मानाने त्याचा खर्च अल्प असतो. भूमध्य समुद्रावर आज युरोपीय संघ अशा विमानांवर भिस्त ठेवून आहे. या काटकसरीची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

3 ऑक्टोबर 2013 रोजी लँपेदुसा बेटाजवळ निर्वासितांची बोट बुडून साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ ही नौदलाची बचावमोहीम काढली. दरमहा सुमारे 90 लाख युरो खर्चून वर्षभरात सुमारे दीड लाख माणसे वाचविण्यात आली. परंतु हा खर्च युरोपला जड झाला. 2014 च्या अखेरीस ही मोहीम बंद पडली आणि तिच्या जागी ‘फ्रॉन्टेक्स’ या सीमारक्षक यंत्रणेची, सुमारे एक तृतीयांश खर्चाची मोहीम आली. तिचे मुख्य कार्य सीमेवर पहारा देण्याचे होते. 2017 पासून फ्रॉन्टेक्स खाजगी कंपन्यांची विमाने भाड्याने घेऊन टेहळणी करू लागली. मार्च 2019 मध्ये तर युरोपीय संघाने ‘सोफिया’ मोहिमेतील नौका मागे घेतल्या. विमाने तेवढी ठेवली.

बचाव केला की अधिक लोक येतात, असा युक्तिवाद यामागे केला जातो. अनुभव तसा नाही. ‘मारे नोस्त्रुम’ बंद झाल्यानंतरही माणसे येतच राहिली. एप्रिल 2015 मध्ये एकाच बोटीबरोबर सुमारे आठशे जण बुडाले आणि त्या वर्षी समुद्रमार्गे युरोपात आलेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली. युद्ध आणि दारिद्र्य ज्यांना घराबाहेर काढते, ते पलीकडे बचावनौका आहे की नाही याची चौकशी करून निघत नाहीत.

विमानाला दिसते, पाण्यातून माणूस उचलता येत नाही. 25 फेब्रुवारी 2023 च्या रात्री फ्रॉन्टेक्सच्या विमानाने इटलीच्या कालाब्रिया किनाऱ्याकडे येणारी बोट पाहून कळविले. इटलीने बचावकार्य सुरू केले नाही. सीमापोलिसांच्या नौका निघाल्या, पण खवळलेल्या समुद्रामुळे परतल्या. पहाटे कुत्रोजवळ बोट फुटली आणि किमान 94 माणसे मेली. त्याच वर्षी 13 जूनला ग्रीसजवळ ‘आद्रियाना’ ही खच्चून भरलेली बोट विमानाने हेरली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बुडाली. तिच्यावर सुमारे 750 माणसे होती असा अंदाज आहे, वाचले 104. दोन्ही वेळी माहितीचा अभाव नव्हता, अभाव होता तो इच्छेचा.

याहून गंभीर बाब अशी की, विमानांनी हेरलेल्या बोटींची माहिती लिबियाच्या तटरक्षकांनाही मिळते. ते त्या माणसांना पकडून परत छावण्यांत कोंडतात. त्या छावण्यांत स्थलांतरितांवर मानवतेविरुद्धचे गुन्हे घडल्याचा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने मार्च 2023 मध्ये काढला आहे.

दोष यंत्राचा नव्हे. कानपूरला तयार होणारी डॉर्निअर-228 ही याच जातीची दोन इंजिनांची विमाने भारतीय तटरक्षक दल वापरते. पहारा हे त्यांचेही काम आहे, परंतु चक्रीवादळाआधी हीच विमाने खोल समुद्रातल्या मच्छीमारांना किनाऱ्याकडे परतण्याचा इशारा देतात. यंत्र कोणासाठी डोळे उघडते, हे त्यामागची राजवट ठरविते.

संकटात सापडलेल्यास साहाय्य करण्याचे कर्तव्य 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराने सर्व राष्ट्रांवर टाकले आहे. त्यात पारपत्राची अट नाही. भांडवलाला आणि मालाला ज्या सीमा खुल्या असतात, त्याच सीमांवर श्रमिकाचा देह विमानातून केवळ एक ठिपका म्हणून नोंदला जातो. त्या ठिपक्याकडे नौका धाडण्याचा आग्रह धरणे, हे जगातील प्रत्येक समाजवादी चळवळीचे कर्तव्य आहे.