पेट्रोलच्या दिव्याकडे काणाडोळा नको

सातारा-सांगलीकडं मोटारसायकल शेतात, घाटात, उसाच्या रस्त्यांवर राबते आणि पेट्रोलचा दिवा बिघडला तरी वर्षानुवर्षं तशीच चालते. कुणाचा दिवा टाकी फुल केली तरी विझत नाही, कुणाचा गाडी बंद पडेपर्यंत लागत नाही. कॉक होता तोवर हे खपून गेलं. गाडीनं आचके दिले की कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि पंप गाठायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या आणि ती सोय गेली. आता पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडली तर तो तापून जळतो, आणि त्याचा खर्च दिव्याच्या कितीतरी पट. म्हणून कळकळीनं सांगतो, दिवा दुरुस्त करून घ्या. पण लगेच मीटर बदलायला जाऊ नका.

आधी खरंच बिघाड आहे का ते बघा. साइड स्टँडवर गाडी कलते आणि काटा चुकतो, म्हणून मेन स्टँडवर लावून बघा. यवतेश्वरचा घाट चढताना दिवा लागला आणि वर सपाटीला विझला, तर तो दोष नव्हे. चढाला टाकीतलं पेट्रोल मागं सरकतं.

बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात. त्यात पेट्रोलचाही लागला तर मीटरमधला दिवा शाबूत आहे, दोष वायरीत किंवा टाकीत शोधायचा. टाकीखालून येणाऱ्या वायरीचा कपलर उघडून बघा. प्रेशरनं गाडी धुताना आत पाणी जातं, पिनांवर हिरवट गंज चढतो. तो साफ केला तरी पुष्कळ दिवे ठिकाणावर येतात. हँडल वळतं तिथं वायर घासून सोललीय का, हेही बघा.

टाकीत फ्लोट असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो, त्याच्या दांडीचं टोक एका बारीक पट्टीवर सरकतं आणि त्यानुसार काटा हलतो. पट्टी झिजली की काटा एकाच जागी अडखळतो. काही गाड्यांत फक्त छोटा सेन्सर असतो. पेट्रोलमध्ये आहे तोवर तो गार राहतो, उघडा पडला की तापतो आणि दिवा लागतो. अशा गाडीत वायर तुटली तर दिवा कधीच लागत नाही, आणि सोललेली वायर चेसीला टेकली तर विझत नाही.

पाण्याकडं जास्त लक्ष द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या किती गाड्या बुडाल्या, हे सांगलीकरांना सांगायला नको. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच उसापासूनही बनलेलं. ते पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात, आणि पंप तळाशीच असतो. बुडालेल्या गाडीची चावीही फिरवू नका. आधी टाकी रिकामी करून साफ करून घ्या.

दुरुस्ती होईपर्यंत टाकी फुल करा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. गाडी लिटरला ४५ देत असेल आणि टाकीत ९ लिटर मावत असेल, तर ३०० किलोमीटरला पंपावर जायचं. कास-बामणोलीला निघताना साताऱ्यातच पेट्रोल भरा. जत-आटपाडीच्या माळावर रात्री पंप उघडा सापडेल या भरवशावर राहू नका.

आणि टाकीत डोकावायला काडी किंवा लायटर कधीही पेटवू नका. अंधार असेल तर सकाळपर्यंत थांबा. टाकी उघडण्याआधी इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची मायनस वायर काढा. फिटरला मल्टिमीटर लावायला सांगा: फ्लोट हातानं हळूहळू वर-खाली करताना आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडाला तर फक्त फ्लोट युनिट बदला, मीटर नव्हे. रबरी पॅकिंग मात्र नवंच बसवून घ्या, आणि पेट्रोल भरल्यावर टाकीखाली कोरडं फडकं फिरवून थेंब गळत नाही ना, ते बघूनच गॅरेजमधून निघा.