चकतीची फिट



‘मेंदूच्या तुकड्याला कुठली फिट येणार?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल वाचला. येते की! निदान फिटेसारखे विद्युत वादळ तरी उठते. उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीची चकती प्राणवायूयुक्त क्षारद्रवात तासन्‌तास जिवंत राहते. द्रवातले मॅग्नेशियम काढले, की पेशी एकदम चेकाळतात. २००२ साली पॅरिसच्या संशोधकांनी तर अपस्माराच्या रुग्णांच्या, शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या ऊतीतच पाहिले : एरवी पेशींना लगाम घालणारे ‘गाबा’ हे रसायन काही पेशींना उलट चेतवत होते. पेशीतल्या क्लोराइडचा तोल बिघडला, की असे होते. डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून काढलेल्या ईईजीत हा आतला हिशेब दिसत नाही. चकतीची शुद्ध हरपत नाही, हे मान्य. मुळात तिला ती नसतेच.

– एक वाचक, पुणे