मागील पानावरून

वाण्याच्या दुकानात जाऊन ‘गेल्या खेपेचंच द्या’ म्हणण्यात मोठं सुख असतं. यादी नको की आठवणीला ताण नको. वाण्यानं वही उघडावी आणि पुडे बांधावेत. संगणकालाही असं सांगता येतं. जुन्या ग्रंथांतले शब्द शोधायला मी ‘युनिक्स’ घराण्यातला संगणक वापरतो. तिथं हुकूम टंकून द्यावे लागतात. ते वाचून यंत्राकडून काम करवून घेणारा जो कारभारी, त्याचं नाव ‘शेल’.

१९७९ साली आलेला स्टीफन बोर्न यांचा शेल मोठा कर्तबगार, पण विसराळू. दिलेला हुकूम त्याच्या ध्यानी राहत नसे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी ‘सी शेल’ तयार केला आणि त्याला स्मरणशक्ती दिली. दोन उद्गारचिन्हं टंकली, की मागचाच हुकूम पुन्हा. एक उद्गारचिन्ह आणि पुढं एखादं अक्षर दिलं, की त्या अक्षरानं सुरू होणारा सर्वांत अलीकडचा हुकूम.

सोय उत्तम, खोड एकच. हा कारभारी विचारत नाही, करून मोकळा होतो. आपण ‘आर’ म्हणावं आणि नेमका ‘आरएम’ निघावा, म्हणजे फाइल पुसण्याचा! हुकूम डोळ्यांसमोर येतो तोवर अंमलही झालेला असतो, आणि तिथं पुसलेलं सहसा परत मिळत नाही.

१९८९ साली ब्रायन फॉक्स यांचा ‘बॅश’ आला. त्यानं उद्गारचिन्ह ठेवलं, पण दुसरी वाटही दिली. कंट्रोल आणि आर या कळा एकदम दाबा, हुकमातलं मधलं-शेवटचं काही आठवेल ते टंका. तो जुना हुकूम समोर धरतो आणि थांबतो. हवा तर एंटर दाबा, नको तर आणखी मागं जा. मात्र दाखवणार एकेकच.

२००५ साली निघालेल्या ‘फिश’मध्ये शब्द टंकून वरच्या बाणाची कळ दाबली, की तो शब्द असलेले जुने हुकूम एकामागून एक येत. २०२३ मधल्या ३.६ आवृत्तीपासून कंट्रोल-आर दाबताच वहीचं पानच उघडतं: सगळी यादी समोर, निवडणारे आपण.

वरवर पाहता ही शोधण्याच्या वेगाची प्रगती. मला ती सबुरीची वाटते. आधी दाखवावं, मग करावं, एवढं शिकायला यंत्राला काही वर्षं लागली.

आपल्या घरांत अजून जुनाच शेल चालतो. दिवाळीला चार नातलग जमतात, कुणी एक अक्षर उच्चारतं आणि वीस वर्षांपूर्वीचं भांडण उद्गारचिन्हासकट सुरू होतं! जुनं आठवायला हरकत नाही, वाचकहो. फक्त एंटर दाबण्यापूर्वी ते एकदा नीट वाचून पाहावं.