जहाजावर तांडेल द्या

अंतराळयुद्धाचे गेम बनवणाऱ्या सर्व डिझायनर मंडळींना,

मे महिन्याच्या सुट्टीत माझी दहा वर्षांची भाची शेजारी बसून माझी लढाई बघत होती. माझी चाळीसेक जहाजं, शत्रूची त्याहून थोडी जास्त. मी डावीकडचे फायटर वळवण्यात गुंतलो होतो. तेवढ्यात उजवीकडचं क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट कुठल्याशा फुटकळ टेहळणी यानामागे धावत सुटलं आणि थेट शत्रूच्या मुख्य जहाजाच्या तोंडी जाऊन पडलं. लांबून मारा करणं एवढंच त्याचं काम होतं! मी चरफडलो. भाचीने शांतपणे विचारलं, "मामा, त्या जहाजात कोणी बसलेलं नाही का रे?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुमच्या कथेत त्या फ्रिगेटवर शेकडो माणसं असतात. पण लढाईला तोंड फुटलं की त्यातल्या एकालाही अक्कल उरत नाही. मग ताफ्याचा सरखेल म्हणवणारा मी चाळीस जहाजांवर एकाच वेळी वल्ही मारत बसतो. पॉजचं बटण दाबून दाबून झिजलंय, आणि मनगटाला रात्री क्रेप बँडेज लागतं.

अंतराळात हा त्रास जास्त का होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. सपाट नकाशावर जहाज हलवायला एक क्लिक पुरतो. 1999 च्या होमवर्ल्डने लढाई तिन्ही मितींत नेली तेव्हा आम्ही हरखून गेलो. पण तिथे आधी सपाटीवर जागा निवडायची, मग शिफ्ट दाबून उंची ठरवायची, आणि मधल्या वेळात कॅमेराही सांभाळायचा. त्याच गेमने यावर उताराही दिला होता. जहाजांना अंग राखून, मध्यम किंवा आक्रमक लढायला सांगता येत असे, आणि ताफ्याला भिंतीसारखी किंवा गोलाकार रचना देता येत असे. 2015 मध्ये त्याची नवी आवृत्ती दुसऱ्या भागाच्या इंजिनवर आली, तेव्हा जुन्या रचना पहिल्यासारख्या टिकेनात. जुन्या खेळाडूंनी ओरड केली आणि 2016 च्या पॅचमध्ये त्यांची डागडुजी करावी लागली. लोक ओरडले ते नव्या चित्रांसाठी नव्हे, जहाजांना पूर्वी असलेल्या शहाणपणासाठी.

कोकणात मासेमारी बोटीचा मालक पुष्कळदा किनाऱ्यावरच असतो. समुद्रात बोट तांडेलाच्या हाती. कुठल्या मासळीला भाव आहे आणि परत कधी यायचं, एवढं मालक सांगतो. जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला तर काय करायचं, हे तांडेल ठरवतो. परत आल्यावर मात्र हिशेब चोख देतो. मला प्रत्येक जहाजावर असा एक तांडेल हवा आहे. माझं मागणं एवढंच.

खऱ्या आरमारांनाही हे सहज जमलेलं नाही. 1805 च्या ऑक्टोबरात, ट्रफाल्गरच्या लढाईच्या काही दिवस आधी, ब्रिटिश सेनापती नेल्सनने आपल्या कप्तानांना लेखी आराखडा दिला. त्यात मख्खी अशी, की निशाणं दिसेनाशी झाली तर ज्याने आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवलं त्याचं फारसं चुकणार नाही. धुराने निशाणं झाकली जाणार, हे तो जाणून होता. त्याच्या 27 जहाजांनी शत्रूच्या 33 जहाजांना हरवलं आणि स्वतःचं एकही गमावलं नाही. पुढे 1916 च्या जटलंडच्या लढाईत दोन्ही बाजू मिळून सुमारे 250 जहाजं होती. ब्रिटिश सेनापती जेलिकोकडे वायरलेस होतं, लेखी हुकमांची जाडजूड पोथी होती. तरी रात्री जर्मन ताफा त्याच्या पाठीमागून निसटला. काही ब्रिटिश जहाजांनी तो प्रत्यक्ष पाहिला, पण जेलिकोपर्यंत खबर गेली नाही. पुढच्यांना दिसलंच असेल, असं धरून माणसं गप्प राहिली. आजचे बहुतेक गेम मला नेल्सनचे कप्तान देत नाहीत, जटलंडच्या रात्रीचे देतात.

तुमच्यातल्या काहींनी दुसरं टोक गाठलं. 2003 च्या मास्टर ऑफ ओरायन 3 मध्ये ग्रहांचे सुभेदार खेळाडूने ठरवलेली कामं परस्पर बदलत, आणि आपण 'पुढची खेळी' दाबणारे कारकून उरलो, ही तक्रार सर्वतोमुखी झाली. स्टेलारिसने 2016 मध्ये निराळा मार्ग धरला: जहाजाची घडण आणि त्याचा लढाऊ संगणक आधीच ठरवायचा, आणि लढाई पेटली की हाती उरते ती माघार. हे प्रामाणिक आहे, पण एवढं मोठं नाटक आणि मी प्रेक्षकांत! त्याच गेमने 2018 मध्ये ताफ्याचा साचा ठेवण्याची सोय केली, ती मात्र मला फार आवडते. जहाजं बुडाली की एक बटण दाबायचं. नवी जहाजं गोदीत बांधली जातात आणि आपली आपण ताफ्याला जाऊन मिळतात. जमतं की तुम्हाला! मग हेच शहाणपण लढाईच्या आत का येत नाही?

सिन्स ऑफ अ सोलर एम्पायरने 2008 मध्येच निम्मं काम करून ठेवलंय. जहाजाची खास शक्ती राइट-क्लिक करून स्वयंचलित करता येते, आणि त्याने शत्रूमागे किती लांब जायचं तेही ठरवता येतं. तिथून पुढे या. साच्यातच कायमचा हुकूम लिहू द्या: हे फ्रिगेट पल्ल्याबाहेर राहील, कवच चाळीस टक्क्यांवर आलं की दुरुस्तीला जाईल, टेहळ्याचा पाठलाग करणार नाही. मी मध्येच हात घातला तर माझं काम संपल्यावर ते आपल्या जुन्या हुकमाकडे परतू दे. आणि माघार घेतली तर एका ओळीत कारण कळव म्हणावं. या शेवटच्या गोष्टीसाठी मी हट्ट धरेन, कारण न सांगता वागणाऱ्या एआयवर कोणी विश्वास टाकत नाही. मग आम्ही पुन्हा एकेक जहाज हाताने चालवायला लागतो, आणि तुम्ही म्हणता, खेळाडूंना ऑटो नकोच असतं.

स्टारक्राफ्टवर वाढलेले मित्र म्हणतील, बोटांची चपळाई हेच तर कौशल्य. त्यांचं कौशल्य त्यांना लखलाभ. डिस्टंट वर्ल्ड्सने 2010 मध्ये जवळपास प्रत्येक खात्याला तीन पर्याय दिले: स्वतः करा, सल्ला घ्या किंवा सोपवून द्या. कोणाचं काय बिघडलं?

ईव्ह ऑनलाइन या बहुखेळाडू गेममध्ये जानेवारी 2014 ची बी-आर5आरबीची लढाई 21 तास चालली, टायटन नावाची 75 अवाढव्य जहाजं खाक झाली. सर्व्हरला झेपेना म्हणून तिथला काळ दहा टक्के वेगापर्यंत मंदावला होता. एवढ्या रेट्यातही फ्लीट कमांडर शेकडो जहाजं चालवतो ते बोलून: याला मारा, इकडे वळा. बाकीचं ज्याचं त्याने बघायचं. ते साधतं, कारण तिथे प्रत्येक जहाजात खरोखरच कोणीतरी बसलेलं असतं.

भाची दिवाळीला पुन्हा येणार आहे. तोवर एखादा पॅच निघाला तर बघा.

आपला,
चाळीस जहाजांचा एक दमलेला सरखेल