शक्तिमानचं भाडं आणि तुमच्या दुकानाचं इंटिरियर



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दौंडच्या बॅचचा उल्लेख केला, पण विषय अर्धवट राहिला. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

बॅचच्या सुरुवातीला ओळख करून देताना मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो. लहानपणीची तुमची आवडती मालिका कोणती? दहा मिनिटांचा कार्यक्रम असतो, लोक जरा मोकळे होतात. दौंडमध्ये मात्र तो पाऊण तास चालला. कारण हॉलमध्ये बहुतेक जण तिशी-चाळिशीतले. म्हणजे कोण, ओळखा. शक्तिमान!

१३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर सुरू झालेली मालिका २७ मार्च २००५ पर्यंत चालली. आता २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत दाखवली तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी पोरांना शेजारी बसवून बघितली, ते तुम्हीच आठवा. एक जण पाटसकडच्या वस्तीवर वाढलेला. रविवारी दुपारी लाईट गेली की त्याचे चुलते ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीला जोडायचे, आणि अख्खी वस्ती ओट्यावर. दुसरा रेल्वे कॉलनीतला. त्याला तामराज किल्विषचं 'अंधेरा कायम रहे' आठवतं, कारण नेमकी तेव्हाच लाईट जायची म्हणे. एका ताईंना डॉक्टर जैकालची ती 'पॉवर'ची आरोळी अजून जशीच्या तशी काढता येते. त्यांनी काढून दाखवली, खालचा चहावाला वर बघायला आला.

मी हसत होतो, पण हातात पेन होतं. कुणाला काय आठवतंय, ते बोर्डावर लिहीत गेलो. बोट वर करून गरागरा फिरणं. गंगाधरचा चष्मा, पुढे आलेले दात आणि ती लांबलचक नावाची ओळख. शेवटी येणारं 'सॉरी शक्तिमान'. गीता विश्वास. बिस्किटाच्या पुड्यातले स्टिकर.

यात काय नाहीये, ते बघा. एकानेही एखादं भारी दृश्य सांगितलं नाही. एकही लढाई नाही.

तेव्हा कुरकुंभला फॅब्रिकेशनचं काम करणारे एक दादा जरा रागानेच म्हणाले, "सर, कॅप्टन व्योमला विसरले का सगळे?" बरोबर आहे त्यांचं. १९९८ ची मालिका, केतन मेहतांचं दिग्दर्शन, आपला मिलिंद सोमण नायक. तुरुंगातून पळालेले गुन्हेगार, अंतराळयानं, कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं. खरी विज्ञानकथा म्हणायची तर तीच, शक्तिमानमध्ये अर्धं काम योगसाधनेवर होतं. दादांना तिच्यातली यानं आजही कागदावर काढता येतात. पण बाकी हॉलमध्ये "हो हो, होती अशी एक" यापलीकडे कुणी गेलं नाही.

का? माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. अंतराळयान पोराला अंगणात खेळता येत नव्हतं. गरागरा फिरणं येत होतं. त्याला खर्च शून्य. 'सॉरी शक्तिमान'मध्ये आपल्यासारखंच एखादं पोरगं चूक कबूल करायचं आणि शक्तिमान त्याला समजावून सांगायचा. तेही आपल्या घरात घडू शकत होतं, दात न घासता झोपलो की आई तेच म्हणायची. माणसाच्या लक्षात भारी गोष्ट राहत नाही. ज्यात तो स्वतः काहीतरी करतो, ती राहते.

(मिठाईवाल्या एका मित्राने लगेच विचारलं, मग पाकिटावर शक्तिमान छापू का? अजिबात नाही. ते पात्र मुकेश खन्नांच्या भीष्म इंटरनॅशनलचं आहे. दुसऱ्याची आठवण आपल्या पेढ्यावर चिकटवायची नसते, आणि कोर्टाची नोटीस पेढ्याहून महाग पडते.)

आता खरा मुद्दा. बॅचमध्ये एक ताई होत्या, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. गाळामालकाने भाडं १२ हजारांवरून १८ हजार मागितलंय. आणि शेजारी चकाचक दुकान आलं म्हणून ताई चार लाखांचं कर्ज काढून इंटिरियर करायच्या विचारात. काचेचा दरवाजा, एसी, एलईडी बोर्ड. कोटेशन हातात घेऊनच आल्या होत्या.

खरं सांगतो, पाच-सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना "करून टाका ताई, ब्रँडिंग लागतं" म्हटलं असतं. असं सांगून मी काही जणांना खर्चात घातलंय, त्यातलं एक दुकान आज बंद आहे. त्याचा बोर्ड मात्र झकास होता.

आम्ही बोर्डावर हिशोब मांडला. चार लाख, पाच वर्षं, १२ टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे हप्ता साधारण ९ हजार. वाढीव भाडं ६ हजार. दर महिन्याला १५ हजारांचा नवा बोजा. स्टेशनरीत सरासरी मार्जिन २० टक्के धरलं तर एवढ्यासाठीच महिन्याला ७५ हजारांची जास्तीची विक्री पाहिजे. काचेचा दरवाजा ती आणणार आहे का? ताई गप्प.

भाड्याचं दुखणं शक्तिमानलाही चुकलं नव्हतं बरं का. तेव्हा दूरदर्शनवर निर्मात्याने वेळेचे पैसे भरायचे आणि जाहिराती स्वतः मिळवायच्या, असा प्रकार होता. म्हणजे आपल्यासारखाच गाळा भाड्याने. मुकेश खन्नांनी स्वतः सांगितलंय, सुरुवातीला ते स्लॉटचे ३ लाख ८० हजार भरायचे. रविवारी आल्यावर ७ लाख ८० हजार झाले, मग १० लाख ८० हजार, आणि शेवटी १६ लाखांची गोष्ट निघाली तेव्हा परवडेना. गर्दी कमी झाली म्हणून हे दुकान बंद झालं नाही. गर्दी असतानाच गणित बसेना. "माझं गिऱ्हाईक पक्कं आहे, बाकी होईल मॅनेज" असं जे म्हणतात त्यांनी हा भाग दोनदा वाचा.

मग मी ताईंना विचारलं, तुमच्या दुकानाचं 'गरागरा फिरणं' काय आहे? त्यांना सांगता येईना. मागच्या रांगेतून टू-व्हीलर स्पेअर पार्टवाला एक जण बोलला, "ताई, जूनमध्ये तुमच्याकडे वह्या घेतल्या की आजोबा लेबलवर नाव लिहून द्यायचे. आम्ही रांगेत उभं राहायचो. माझी सातवीची वही अजून घरी आहे."

"ते मामांचं अक्षर," ताई म्हणाल्या. "नंतर मी लिहायचे. दोन वर्षांपूर्वी बंद केलं. वेळ फार जायचा, आणि आता छापील स्टिकर मिळतात."

हॉलमधल्या अजून तिघांनी हात वर केला. त्यांचीही नावं आजोबांनी लिहिली होती.

काही जण म्हणतील, सर, आठवणीवर दुकान चालत नाही. मान्य. आठवणीने भाडं भरता येत नाही, ते वर आकड्यांत दिसलंच. पण चार लाख टाकताना निदान तुमच्याकडे जे आधीच आहे आणि फुकट आहे, ते तरी बंद करू नका. गंगाधरला काढून टाकला असता तर उरला असता एक उडणारा माणूस. तसे इतर चॅनलवर पुष्कळ होते. गीताचंच बघा, आधी किटू गिडवाणी होत्या, नंतर वैष्णवी महंत आल्या. पोरांनी चार दिवस कुरकुर केली आणि बघत राहिली, कारण गीताचं काम तेच होतं. आजोबा गेले तरी लेबल चालू राहू शकतं, अक्षर सुनेचं असलं तरी.

ताईंनी कर्जाचा अर्ज सध्या थांबवलाय. एलईडी बोर्ड मात्र त्यांना हवाच आहे, त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या दुकानाबाहेर टेबल टाकून लेबलं लिहायला बसणार आहेत, आणि पोराला स्वतःचं नाव स्वतः लिहायचं असेल तर एक पेन त्याच्यासाठीही ठेवणार आहेत. गाळामालकाला ३१ मेपर्यंत उत्तर द्यायचंय. १८ हजारांवरून त्याला खाली कसं आणायचं, ते पुढच्या व्हिडिओत बघू.